अंगठ्याचा डाग

गेल्या फेब्रुवारीत आम्ही बेळगावहून महाबळेश्वर-पाचगणीला गेलो होतो. परतताना भिलारजवळ रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या पेट्या मांडलेल्या दिसल्या. आपण बायका फळं कशी घेतो ते सांगायला नकोच. झाकण उघडलं, अंगठ्यानं दाबून बघितलं, मऊ लागलं ते परत ठेवलं, शेजारच्या पेटीतलं टपोरं उचललं. "ताई, दाबू नका, काळं पडतंय," विकणारी दोनदा म्हणाली. मी हसले. चार घेतल्या तर भाव उतरतो म्हणून चार पेट्या घेतल्या. खाणारे आम्ही तिघंच. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, बहुबीज म्हणून स्ट्रॉबेरी खात नाहीत.

पसरणी घाट उतरला, सातारा, कोल्हापूर मागं पडलं, गाडीत ऊन. निपाणीला पेट्या उघडल्या तर खालच्या थराचा लगदा. मी म्हणाले, "बघा, फसवलं बाईनं!"

आत्ती शांतपणे म्हणाल्या, "तिनं फसवलं की नाही ठाऊक नाही. पण तू दाबून परत ठेवलीस ती कुणाच्या पेटीत गेली ग?"

मी गप्प.

स्ट्रॉबेरी खुडल्यावर पुढं पिकत नाही, नुसती नासत जाते. म्हणजे माझ्या अंगठ्याचा डाग भरून निघणार नव्हता. नुकसान त्या बाईचं, नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाचं. मी चातुर्मासात पालेभाजी सोडते, पाणी गाळून पिते. ताटातल्या जीवाची एवढी काळजी, आणि दुसऱ्याच्या टोपलीची?

कुणी म्हणेल, पैसे मोजतो तर बघून घेऊ नये का? घ्यावं की! पण बघायला डोळे आहेत. माझी पारख दुसऱ्याच्या पदरात नुकसान टाकत असेल तर ती पारख कसली? यात कुणाचा प्राण गेला नाही, हे खरं. पण तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादापासून, बेसावधपणापासून सुरू होते. तो बेसावधपणा माझ्या अंगठ्यात होताच. आणि चार पेट्या? परिग्रहाचं परिमाण फक्त सोन्या-जमिनीचं करायचं, असं आपण कधी ठरवलं? स्वस्त मिळालं म्हणून गरज वाढत नाही.

यंदा पुन्हा गेलो. एकच पेटी घेतली, वरून बघून, दाबल्याशिवाय. ती आत्तींनी स्वतःच्या मांडीवर धरली, न खाणाऱ्या असून. वाई यायच्या आत आम्ही संपवलीसुद्धा. तळाशी दोन मऊ निघाली. ती मी मुकाट्यानं खाल्ली.