माळ्यावरच्या केपा

केपा फुटतील याची भीती मला थोडी वाटते. त्या इतकी वर्षं आमच्या घरात होत्या हे पोलिसांना कळेल, याची खूप. या दोन भीतींचं वजन कधीतरी स्वतःशीच खरंखरं सांगावं, म्हणून हे लिहायला बसलो.

जुन्या पनवेलमधलं आमचं घर पुनर्विकासाला चाललंय. माळा रिकामा करताना आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीच्या केपांची पत्र्याची चपटी डबी पुढे आली. बंदूक केव्हाच गेली. आजोबा वारले तेव्हा वडिलांनी ती परवान्याच्या पुस्तकासह पोलीस ठाण्यात रीतसर जमा केली होती. पुस्तकावर कुलाबा जिल्ह्याचा शिक्का होता, म्हणजे १९८१ साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं त्याच्या आधीचा. बंदुकीला नंबर असतो, तिची नोंद असते. डबीला काहीच नव्हतं, म्हणून ती राहिली.

ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नळीच्या तोंडातून दारू, मग बोळा, मग छर्रे घालायचे आणि गजाने ठासायचे. मागच्या बाजूला छोट्या बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी चढवायची. ती केप. घोडा तिच्यावर आपटला की आतलं स्फोटक चिरडतं आणि जाळ नळीतल्या दारूपर्यंत पोचतो. जुन्या केपांत बहुधा पाऱ्याचं फुल्मिनेट असे, पुष्कळदा पोटॅशियम क्लोरेटबरोबर. नंतरच्या केपांत शिशाचे क्षार आले. ठोक्याने स्फोटक पेटवून बार काढायची मूळ कल्पना स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या पाद्र्याची, १८०७ च्या पेटंटमधली. चकमकीच्या बंदुकीतून आधी ठिणगी दिसायची आणि बार निघेस्तोवर पक्षी उडून जायचे, हे त्याचं दुःख. धर्मोपदेशकाला शिकारीची एवढी तगमग असावी याचं मला हसू येतं. आमच्या घरातल्या अहिंसेच्या गप्पा आठवल्या की हसू आवरतं.

मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे ‘मला काय माहीत’ ही पळवाट मला नाही. तरीही डबी दिसल्यावर पुढे आलेल्या वाटा एकीपेक्षा एक नामी होत्या.

पहिली वाट चुलतभावाने फोनवर सुचवली. “दादा, टिकल्याच आहेत त्या. एवढ्यासाठी पोलीस स्टेशनला जाणार? खाडीत टाक आणि मोकळा हो.” खाडी नको तर वडाळे तळं आहेच, गणपती जातात तिथे डबीही जाईल. पाण्यात टाकलं की संपलं, असं आपल्याला वाटतं, कारण बंदुकीची दारू पाण्याने खरोखरच निकामी होते. तिच्यातला सोरा विरघळून जातो. फुल्मिनेटचं तसं नाही. ते पाण्यात फारसं विरघळत नाही. पूर्वी कारखान्यांत ते पाण्याखालीच साठवत आणि लागेल तसं वाळवून वापरत. पाणी त्याला मारत नाही, नुसतं झोपवतं. शिवाय केपेचं तोंड ओल लागू नये म्हणून लाखेने किंवा वार्निशने बंद केलेलं असे. तेलात बुडवून ठेवण्याचा उपायही याच जातीचा. गाळात रुतलेली डबी गंजून फुटेल, आणि पुढेमागे तळ्याचा गाळ काढायला उतरलेल्या कुणाच्या तरी घमेल्यात येईल. एका डबीच्या पाऱ्याने खाडीतली मासळी विषारी होणार नाही हे मी जाणतो. ‘एवढ्याने काय होतंय’ हे गणित मला फार सहज जमतं, तेवढंच इथे नोंदवून ठेवतो.

दुसरी वाट कचरागाडीची. जुन्या वहीच्या कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात. गाडीत कचरा दाबला जातो, आणि केप दाबाने, घर्षणाने, ठोक्याने, उष्णतेने अशी कशानेही उडू शकते. एक उडाली तर तांब्याची किरच बोटात किंवा डोळ्यात जाते. डबीभर असतील तर एकीच्या धक्क्याने शेजारच्याही उडतात. ते बोट माझं नसेल. पुढे कचरा हातांनी निवडणाऱ्या बाईचं असेल, तिच्या हातात बहुतेक वेळा मोजेही नसतात.

तिसरी भंगारवाल्याची, तांब्याचा भाव येतो म्हणून. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. ती मनात आली एवढंच पुरेसं लाजिरवाणं आहे.

या तिन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं की मी ज्याला ‘विल्हेवाट’ म्हणत होतो, त्यात धोका कुठेच कमी होत नव्हता. तो फक्त माझ्या घरातून निघून, माझ्याइतकं न शिकलेल्या, डबीत काय आहे हे न सांगितलेल्या माणसाकडे जात होता. आणि जाताना माझं नाव पुसलं जात होतं. खरं आकर्षण त्या पुसण्याचं होतं. सुरक्षितपणा हा शब्द मी तोंडाने वापरत होतो; डोक्यात होता तो निनावीपणा.

मग आणखी खाली उतरून पाहावंसं वाटलं. डबी राहिली ती केवळ नजरचुकीने? तसंही नाही. ती आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आमची भातशेती शिरढोणच्या पुढे, कर्नाळ्याच्या अंगाला. रानडुकरं रात्रीतून खाचर नांगरून टाकत, आणि आजोबांचा परवाना शेतीसंरक्षणाचा. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. लिटनसाहेबाने १८७८ साली हत्यारांचा कायदा करून देशी माणसाच्या हातातलं शस्त्र परवान्याला बांधलं आणि पुढच्याच वर्षी फडके बंड करून उठले. या शेजाराचा फायदा आमच्या घराने पुरेपूर घेतला. पाहुणे जमले की आजोबांची बंदूक जणू फडक्यांच्या फौजेतून आली असावी अशा थाटात गोष्ट रंगायची. बंदूक नव्हती तेव्हा पुरावा म्हणून डबी होती. तिने आम्हाला थोडा रुबाब दिला. भातकापणीच्या दिवसांत मचाणावर थंडीत कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगायला कुणाला आवडत नाही.

त्या गोष्टीत एक खाच आहे. रानडुक्कर मारल्याचं वर्णन बारीकसारीक तपशिलांसह येतं, पण साल कुणी सांगत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानंतर बंदुकीचा परवाना असला तरी वनखात्याच्या परवानगीवाचून डुक्कर मारणं गुन्हा. गोष्ट त्याच्या आधीची की नंतरची? मी कधी विचारलं नाही. न विचारणं मला सोयीचं होतं. कर्नाळ्याच्या अभयारण्यात मुलांची सहल नेऊन शिकार किती वाईट हे मी शिकवत आलो, आणि दिवाळीला घरी तीच गोष्ट टाळ्या देत ऐकत आलो.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर पाहिलं, आणि आधी का पाहिलं नाही तेही मला कळतं. १८८४ च्या स्फोटक कायद्यात स्फोटकांच्या व्याख्येतच बंदुकीच्या केपांचं नाव आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे, परवाना संपल्यामुळे किंवा दुसऱ्या कारणाने शस्त्र वा दारूगोळा बाळगणं बेकायदा झालं, तर तो विनाकारण विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा असतो. हे बंदुकीइतकंच तिच्या सामग्रीलाही लागू. म्हणजे दार उघडं होतं. ‘आपल्याकडे असल्या गोष्टींची सोयच नाही’ ही तक्रार मी मनातल्या मनात तयार ठेवली होती, आणि ती लंगडी निघाली. स्फोटकांच्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय नागपूरला, आणि त्याचं पश्चिम विभागाचं कार्यालय तर बेलापूरला, लोकलने अर्ध्या तासाच्या आत. (तिथे लोकलने डबी घेऊन जायचं नाही, हे लिहायची गरज नसावी, पण तोही विचार मनात चमकून गेला. रेल्वेत स्फोटक नेणं हा वेगळा गुन्हा.) तळोज्यालाही घातक कचऱ्याचा मोठा प्रकल्प आहे, पण तो कारखान्यांच्या कचऱ्यासाठी. घरातल्या केपांसाठी वाट पोलीस ठाण्यावरूनच जाते.

करायचं ते तसं थोडं आहे. गंजाने झाकण धरलेली डबी उघडायची नाही. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला होता, तो परत ठेवला. डबी हलवायची नाही, मोजदादीच्या नावाखाली आतल्या केपा ओतायच्या नाहीत, जाळून किंवा ठोकून ‘संपवून टाकायच्या’ नाहीत. हिरवट पूड किंवा पांढरे कण बाहेर आलेले दिसले तर हातच लावायचा नाही. गॅस, ऊन, मुलं यांच्यापासून लांब, आहे तिथे राहू द्यायची. आधी ठाण्यात फोन करून वस्तू काय आहे ते स्पष्ट सांगायचं. स्वतः पिशवीत घालून ठाणे अंमलदारांच्या टेबलावर नेऊन ठेवायची नाही. बॉम्बशोधक व नाशक पथक बोलवायचं की कसं, ते त्यांनी ठरवायचं. पंचनामा होईल, गल्लीत गाडी उभी राहील, समोरच्या काकू गॅलरीत येतील. माझी सगळी घालमेल या शेवटच्या वाक्यातली होती, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

अर्ज लिहायला घेतला तेव्हा पहिलं वाक्य आपोआप उतरलं: ‘घराची साफसफाई करताना आज अचानक आढळून आल्या.’ शाळेत इतके अर्ज लिहिलेत की असली वाक्यं हाताला चिकटलेली आहेत. साफसफाई खरी होती, आढळणंही खरं. ‘अचानक’ खोटं होतं. त्या एका शब्दाने वडील सुटत होते, मी सुटत होतो, आणि ज्याला हे वाचून डबी हाताळायची आहे त्याला मात्र डबीचं वय कळत नव्हतं. पथकातल्या माणसाला सगळ्यात आधी हेच जाणून घ्यावं लागेल: किती जुन्या, कुठे ठेवलेल्या, ओल लागली होती का, शेवटची कधी उघडली. माझ्या अब्रूसाठी घातलेला शब्द पुन्हा दुसऱ्याच्याच बोटांवर चालला होता. कागद फाडला आणि लिहिलं की या केपा आजोबांच्या काळापासून माळ्यावर होत्या, मला ठाऊक होतं, पावसाळ्यात माळा गळतो, बंदूक जमा केली तेव्हा या दिल्या गेल्या नाहीत.

चुलतभावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “दादा, ‘मला ठाऊक होतं’ एवढं तरी काढ.” काढलं नाही, पण काढावंसं वाटलं नाही, असंही म्हणणार नाही. उद्या सकाळी फोन करायचा. अर्जाच्या दोन प्रती काढल्यात, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेणार. त्यातही स्वतःला सांभाळणं आहेच, फक्त या खेपेला त्याचा भार सफाई कामगारावर नाही.