खुल्या ग्रंथाचा शिळा पाठ

माणकोली नाक्यावरून दापोड्याकडे वळलं की दुतर्फा गोदामं सुरू होतात. समजा, त्यातल्या एखाद्या मालकाने कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या पोराला फर्मावलं: गेट, डॉक, ऑफिस, सगळीकडे फोन हवा, पण फुकटात. पोरगा ॲस्टरिस्क हे टेलिफोन एक्स्चेंजचं फुकट सॉफ्टवेअर शोधून काढतो. 1999 मध्ये अमेरिकेतल्या मार्क स्पेन्सरपुढेही हीच अडचण होती. टेलिफोन एक्स्चेंज विकत घेणं परवडेना, म्हणून त्याने स्वतःच सॉफ्टवेअर लिहिलं आणि जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना मोकळं केलं.

सॉफ्टवेअर लगेच हाती येतं. विद्या मात्र अडते. सापडलेला धडा फोन जोडण्यासाठी ‘चॅन-सिप’ हा भाग वापरायला सांगतो, आणि तो भाग 2023 मध्ये आलेल्या एकविसाव्या आवृत्तीतून काढूनच टाकलेला. त्याच्या जागी आता ‘पीजे-सिप’ आहे. धडा खोटा नाही, शिळा आहे.

ज्ञान खुलं केलं म्हणजे ते शिकणाऱ्यापर्यंत पोचलं का? मराठी मुलखाला हा प्रश्न नवा नाही. महानुभाव पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत कोंडले. किल्ली पंथाबाहेर गेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तोवर बाहेरच्या वाचकाला त्या ग्रंथांतलं ‘लीळाचरित्र’ जवळजवळ नव्हतंच. याचा एक फायदा मात्र नाकारता येत नाही: ज्याला वाचता येत नाही, तो पाठात घुसडणार काय?

ज्ञानेश्वरी उलट वाटेने गेली. शके 1212 मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आला, हातोहात उतरवला गेला, आणि उतरवता उतरवता बिघडला. जवळपास तीनशे वर्षांनी, शके 1506 मध्ये, एकनाथांनी पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली.

जीपीएल नेमकं उलटं सांगतं: घाला, बदला, फक्त बदललेलं वाटाल तर त्याच अटीवर, मूळ कोडसह वाटा. नाथांना हे रुचलं असतं असं वाटत नाही! पण पाठ ताडण्याचं काम इथेही चुकत नाही. ॲस्टरिस्कवरचं ओरायलीचं पुस्तक 2005 मध्ये निघालं, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली. 2019 च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत लेखकांना ते पुन्हा पुन्हा लिहावं लागलं. नवख्याने तेच घ्यावं, सोबत प्रकल्पाची अधिकृत कागदपत्रं, आणि कुठलाही धडा उघडताना आधी आवृत्तीचा आकडा पाहावा.

तरीही गुरूची गरज एका जागी उरते. फोन लागतो, पण आवाज एकाच बाजूने येतो. बहुतेकदा राउटरच्या आतला खासगी पत्ता जसाच्या तसा बाहेर कळवलेला असतो, म्हणून आवाजाची पाकिटं परत येताना वाट चुकतात. पुस्तकात हे असतं. मात्र आपलं दुखणं तेच आहे, हे ओळखायला आधी कधीतरी ते भोगलेलं माणूस लागतं, आणि असं माणूस बहुधा फी न घेता सांगतं.