सातशे सत्तर खांब

बसवकल्याणला ६ जानेवारी २०२१ रोजी नव्या अनुभव मंटपाची, म्हणजे बसवण्णा आणि त्यांच्या शरणांच्या (अनुयायी संतांच्या) सभेच्या स्मारकाची, पायाभरणी झाली. आराखडा असा जाहीर झाला: साडेसात एकर जागा, सहा मजले, ७७० शरणांच्या नावाने ७७० खांब, माथ्यावर शिवलिंग आणि शैली कल्याण चालुक्यांची. श्रीमंतांनी बांधलेल्या देवळांपेक्षा माणसाच्या देहालाच देऊळ मानणाऱ्या बसवण्णांसाठी एवढे मोठे बांधकाम, यातला विरोधाभास कुणालाही दिसेल. मला अडतो तो शैलीचा मुद्दा.

या शैलीचा अस्सल नमुना म्हणजे हुमनाबादजवळचे जलसंगीचे चालुक्यकालीन देऊळ. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर एक शिलासुंदरी चालुक्य राजा विक्रमादित्य सहाव्याची स्तुती कोरताना दाखवली आहे. बाराव्या शतकाच्या आसपास ही शैली जुनी नव्हती, ऐन ताजी होती. बदामीकडून आलेला वारसा घ्यायचा आणि पुढे न्यायचा, अशी कारागिरांची रीत. खांब चरकावर कातून गोल गुळगुळीत करणे हे त्या काळचे नवे तंत्र. मंडपात खांबांची दाटी असायची, कारण दगडी तुळई फार लांब ठेवली तर मधोमध तडकते. म्हणजे खांब किती, हे दगडाची ताकद ठरवायची.

पुढे १३४७ मध्ये गुलबर्ग्याला (आजच्या कलबुर्गीला) बहमनी गादी आली, मग ती बिदरला गेली. कमान, घुमट आणि चुना या मुलखाच्या अंगवळणी पडला. कमानीने तुळईची अडचणच मिटवली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत दख्खनेत जी देवळे उठली, त्यांत महिरपी आणि चुनेगच्ची शिखरे सर्रास आली. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांच्या देवळातल्या कमानी पाहताना ‘ही परकी’ असे कुणा भाविकाच्या मनातही येत नाही. सन्नतीच्या चंद्रलांबा देवस्थानात तर १९८६ साली कालीमंदिराचे छत कोसळले, तेव्हा मूर्तीखालची शिळा अशोकाच्या लेखाची निघाली. हाताशी चांगली शिळा होती, ती बैठकीला वापरली. जुन्याची एवढी बेफिकिरी बरी नव्हेच. पण बांधणाऱ्यांची नजर जुन्यावर नव्हे, हातातल्या कामावर होती, हे यातून कळते.

मग सिमेंटचा स्लॅब आला. गावोगावच्या जीर्णोद्धारात चुन्याची शिखरे उतरली, कोरीव खांबांवर ऑइलपेंट चढला, शहाबादी फरशीवर चकचकीत टाइल बसली. त्याचा उबग आल्यावर आता ‘पारंपरिक’ देऊळ हवे झाले. पण परंपरा म्हणून नेमके बारावे शतक उचलायचे आणि मधली सगळी शतके वगळायची, ही निवड आजची आहे. खांबांचा आकडाही आता दगड ठरवत नाही, स्मरण ठरवते. त्यात वाईट काही नाही. त्याला चालुक्यांची बांधणी म्हणू नये, इतकेच.

बसवण्णांचा काळ बारावे शतक, म्हणून शैलीही तीच, हा युक्तिवाद मला पटण्यासारखा वाटतो. फक्त ती राजे, सरदार आणि धनिक दात्यांची शैली. बसवण्णांच्या भोवती मात्र चांभार हरळय्या होता, नावाडी चौडय्या होता. त्यांच्या घरांचा नमुना आपल्याकडे उरलेला नाही. मातीची घरे उरत नाहीत. नव्या इमारतीत त्यांची आठवण जपायची तर शैलीपेक्षा कामावरच्या माणसांकडे बघावे. बिदरचा जांभा आहे, शहाबादची फरशी आहे. चुना मळणारे आणि दगड घडवणारे स्थानिक हात शोधून त्यांना कामावर घेतले, आणि खांबावर राजस्तुतीऐवजी घडवणाऱ्याचे नाव कोरले, तर मी जलसंगीच्या आधी तो मंटप बघायला जाईन.