किल्ली कोणाकडे असते?

एसटी स्टँड, नाट्यगृह, तहसील कचेरी. हल्ली कुठल्यातरी एका दारावर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र असतं आणि दाराला बहुधा कुलूप. किल्ली साहेबांकडे, नाहीतर सफाईवाल्या मावशींकडे, आणि मावशी नुकत्याच घरी गेलेल्या. दार उघडलंच तर आत झाडू, फिनाइलचे कॅन, मोडकी बाकडी. कागदोपत्री मात्र ‘दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह : आहे’.

माझा राग या ‘आहे’वर आहे. नसलेलं मागता तरी येतं.

खरं तर यात फार मोठं तंत्रज्ञान नाही. दार ९०० मिलिमीटर रुंद, आत खुर्ची वळेल एवढी दीड मीटरची मोकळी जागा, भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा. दार सरकतं किंवा बाहेर उघडणारं हवं, कारण आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. एक फूट चढायला रॅम्प किमान बारा फूट लांब लागतो. आपल्याकडे तीन पायऱ्यांवर सिमेंट थापून घसरगुंडी करतात, वर गुळगुळीत टाइल लावतात. कमोडची एक बाजू मोकळी लागते, खुर्चीतून कडेने सरकून बसायचं असतं म्हणून. ठेकेदाराला हे कुणी सांगितलेलं नसतं. मग नेमकं तिथेच बेसिन येतं.

बेसिनचंही तसंच. मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेकांना लघवीसाठी दर काही तासांनी कॅथेटर घालावा लागतो, तोही स्वच्छ हातांनी. बेसिन बाहेर असलं तर हात धुवायचे आणि त्याच हातांनी रस्त्यावरून आलेली चाकं ढकलत आत यायचं. धुतलेले हात दारापर्यंतच स्वच्छ. संसर्ग होतो तो असा. ते टाळायला माणसं प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत, त्यानंही मूत्रमार्गाचं दुखणं वाढतं. लग्नाला, नाटकाला ‘येत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण या एका कारणासाठी घरी बसतात, हे आपण कधी विचारत नाही. विचारायला संकोच वाटतो, सांगायला त्याहून जास्त.

आणि नवऱ्याला घेऊन आलेल्या बायकोनं कुठल्या दारानं जायचं, पुरुषांच्या की स्त्रियांच्या? म्हणूनच हे दार थेट बोळात उघडणारं, स्वतंत्र हवं.

कायदा नाही असं नाही. पहिला १९९५चा, दुसरा २०१६चा. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला २०१७च्या नियमांपासून पाच वर्षं दिली होती. ती २०२२मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या नियमांतल्या पंधराव्या नियमाचा पहिला पोटनियम रद्दबातल ठरवला. सुगमतेची मानकं या पोटनियमानं नुसत्या शिफारशींवर आणून ठेवली होती. बंधनकारक मानकं तीन महिन्यांत ठरवा, असा आदेश सरकारला झाला. पाळलं तर बरं, नाही पाळलं तरी चालेल, या जातीचे नियम आपल्या यंत्रणेला फार मानवतात.

पण नव्या इमारतींपुरतं हत्यार आधीपासूनच हातात आहे. २०१६च्या कायद्याचं कलम ४४ सांगतं, की सुगमतेचे नियम पाळले नसतील तर बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला द्यायचा नाही आणि इमारत वापरूही द्यायची नाही. तेव्हा तुमच्या गावात नवं नाट्यगृह किंवा कचेरी उभी राहिली, की उद्घाटनाला टाळ्या वाजवण्याआधी ते निळं दार उघडायला लावा. कुलूप असेल, आत बादल्या असतील, तर मावशींवर ओरडू नका. दाखल्यावर सही कोणाची आहे, ते लेखी विचारा.