न कमावलेला मान

माणसाच्या वाट्याला जे मानसन्मान येतात, त्यांच्यामागे काही ना काही कर्तबगारी असते. निदान ती असावी अशी अपेक्षा असते. परीक्षेत पहिला आलेल्याला बक्षीस मिळते, कुस्ती मारणाऱ्याला फेटा बांधतात, नोकरीत हाडे झिजविणाऱ्याला निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ मिळतो. वाढदिवस तेवढा या हिशेबात बसत नाही. त्या दिवशी ज्याला ओवाळायचे त्याने केलेले असते काय? तो जन्मला, एवढेच. आणि त्यातही कष्ट सारे आईचे! चार वर्षांच्या पोराच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच नडतो. त्याने ना गड जिंकला, ना पाढे पाठ केले. तरी बालवाडीत त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट चढतो, तीस-पस्तीस पोरे टाळ्या पिटतात आणि स्वारी मधोमध खुर्चीवर बसून मोठ्या गंभीरपणे तो मान स्वीकारते.

शाळेने हा मान द्यावा की देऊ नये? प्रश्न दिसतो तितका लहान नाही. देऊ नये म्हणणाऱ्यांचा पहिला आक्षेप असा की, केक घरून येतो आणि घरे सारखी नसतात. एखाद्याचा केक दोन मजली असतो आणि जाताना प्रत्येक मुलाच्या हाती रंगपेटी पडते. तिला आता ‘रिटर्न गिफ्ट’ असे नाव आहे. दुसऱ्याची आई चार घरची धुणीभांडी करून लिमलेटच्या गोळ्यांची पुडी आणते. तिसऱ्याच्या घरी तेही जमत नाही. मग नेमका त्या दिवशी पोराला ताप येतो. असा ताप मास्तरकीत मी पुष्कळ पाहिला आहे. तो दुसऱ्या दिवशी हमखास उतरतो. दुसरा आक्षेप असा की, एका दिवसाचे हे राजेपण पोराच्या डोक्यात जाते आणि जग आपल्याभोवती फिरते असे ते समजू लागते.

यावर काही शाळांनी वाढदिवसच बंद केले. काहींनी महिन्याच्या शेवटी सगळ्यांचा एकदमच उरकून घेण्याची सोय काढली. सोय उत्तम, पण लहान मुलाचे मन सोयीने चालत नाही. या वयात वर्ष, महिना ही मापे त्याच्या हाती आलेली नसतात. काल वाढदिवस होऊन गेलेले मूल आज सकाळी विचारते, “आज पण माझाच ना?” कित्येक मुलांची तर अशी पक्की समजूत असते की, वाढदिवस केल्यामुळेच वय वाढते, केला नाही तर आपण तीनचेच राहणार! आपल्याला हसू येते. पण ज्याचा दिवस कधी आलाच नाही, त्या पोराला काय वाटत असेल? बरोबरीची सगळी चारची झाली आणि मी एकटाच मागे राहिलो, असेच ना?

आपल्याकडे शाळेचा आणि वाढदिवसाचा संबंध जुना आहे. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसे किती आहेत, हे एकदा आपल्याच घरात आणि शेजारीपाजारी विचारून पाहावे. जन्माच्या नोंदीचा सध्याचा कायदा १९६९ चा. त्याआधी, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, खेड्यातल्या आईला सांगता यायचे ते एवढेच की, “पेरणी चालली होती, तेव्हाचा हा.” मग मास्तर पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावीत. कान हाताला लागला की वय भरले! शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून दाखल्यावर १ जून. त्या तारखेवर पुढे साऱ्या आयुष्याचा कारभार चालला, आणि म्हणूनच ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची झुंबड उडत आली आहे. शाळेने त्या पिढीला तारीख दिली, दिवस मात्र दिला नाही. आता तारखा पक्क्या झाल्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच दाखवायचा आहे. तेव्हा दिवस देण्याला निमित्त उरलेले नाही, असे म्हणता यायचे नाही.

तो द्यावा कसा? मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीच्या शाळांतून वाढदिवसाची एक सुरेख रीत आढळते. मुले गोल करून बसतात. मधे सूर्य म्हणून एक दिवा ठेवतात. ज्याचा वाढदिवस, ते मूल हातात पृथ्वीचा लहानसा गोल घेऊन दिव्याभोवती फिरते. जितकी वर्षे, तितक्या फेऱ्या. पहिली फेरी झाली, तेव्हा हा पाऊल टाकू लागला. दुसरी झाली, तेव्हा बोलू लागला. पृथ्वी वर्षाला सुमारे ९४ कोटी किलोमीटर चालते, म्हणजे चार वर्षांच्या पोराचा प्रवास पावणेचारशे कोटींच्या घरात गेला! मौज अशी की, या प्रवासात कोणी कोणाच्या पुढे जात नाही. दोन मजली केकवाला आणि तापाने घरी राहिलेला, दोघांनीही वर्षभरात तेवढीच वाट तुडवली.

या रीतीला खर्च नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, ते महागड्या साधनांवर विसंबून नव्हे; शिंपले, बिया, पाने यांतून मुले शिकली. एका पणतीवर आणि एका चेंडूवर वाढदिवस का होणार नाही? मे महिन्याच्या सुट्टीत जन्मलेल्यांना शाळा सुटण्यापूर्वीचा एकेक दिवस नेमून द्यावा, म्हणजे तीही राहणार नाहीत.

राजेपणाचा आक्षेप उरला. तो घेणारे एक गोष्ट मोजायची विसरतात. वर्गात तीस मुले असली, तर मूल वर्षातून एकदा मधे उभे राहते आणि एकोणतीस वेळा बाजूला बसून दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवते. खरे शिक्षण या एकोणतीस दिवसांत आहे. दुसऱ्याच्या दुःखाने गहिवरणे त्या मानाने सोपे. ज्या आनंदात आपला वाटा नाही तो मनापासून साजरा करणे मोठ्या माणसांनाही जड जाते. शेजाऱ्याच्या बढतीची बातमी ऐकताना आपला चेहरा कसा होतो, ते आपले आपल्याला ठाऊक! चौथ्या वर्षी या गोष्टीचा सराव झाला तर बरेच काही साधले.

पुढे खरी शाळा येणारच आहे. तिथे गुण आहेत, क्रमांक आहेत. आणि ते असायला माझी हरकत नाही, मीही ते देतच असतो. पण कोणी आपल्याला मोजण्यापूर्वी आपण असण्याचाच लोकांना एकदा आनंद झाला होता, ही शिदोरी पोराच्या गाठीशी हवी. दिवाळीच्या पहाटे आपल्या घरात हेच घडते. अभ्यंगस्नान करून पोरे ओळीने पाटावर बसतात आणि आई निरांजन घेऊन साऱ्यांना ओवाळते. कोण पहिला आला आणि कोण नापास झाला, हे ती विचारीत नाही.