भिंगाची किंमत आणि साक्षीचे मोल

पक्षिनिरीक्षणाचा छंद जडलेल्या माणसापुढे आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतोच: दुर्बीण कोणती घ्यावी? एक आठ-दहा हजार रुपयांत मिळते; दुसरीची किंमत दीड-दोन लाखांच्या घरात जाते. दोहोंवर आकडा मात्र एकच कोरलेला असतो, ८ × ४२. म्हणजे दृश्य आठ पटींनी जवळ आणणारी, आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असणारी. वरवर पाहता हा निव्वळ बाजारहाटाचा प्रश्न आहे, आणि बरीच वर्षे आम्हांलाही तो तसाच वाटत होता. परंतु गेल्या हिवाळ्यात करमळीच्या तळ्यावर जे घडले, त्यानंतर या प्रश्नात नीतीचाही एक प्रश्न दडलेला आहे असे आमचे मत बनले. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम महागड्या भिंगाची बाजू ऐकून घेतली पाहिजे. ती पोकळ नाही. काचेवर कोणताही लेप नसेल तर तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत भिंगे आणि लोलक मिळून असे दहा पृष्ठभाग धरले, तरी डोळ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच एक-तृतीयांश प्रकाश वाया गेलेला असतो. १९३५ साली झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी ही गळती थांबवणारा अतिसूक्ष्म लेप शोधून काढला. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत छपराच्या आकाराचे लोलक असतात. त्यांतून जाताना प्रकाशाचे दोन भाग होऊन परस्परांशी किंचित विसंगत होतात व चित्राची धार बोथट होते. त्यावरचा लेप १९८८ साली आला. असे लेप जितके काळजीपूर्वक चढवावेत, काच जितकी निर्दोष घ्यावी आणि दोन्ही नळ्या जितक्या काटेकोरपणे जुळवाव्यात, तितकी किंमत चढत जाते. पहाटेच्या अंधुक उजेडात, किंवा पाण्यावरची तिरीप डोळ्यांत येत असताना, हा फरक स्पष्ट जाणवतो. अगदी हलक्या प्रतीच्या दुर्बिणीच्या नळ्या नीट जुळलेल्या नसल्या, तर तासाभरात डोके दुखू लागते. गोव्याच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात भिंगांच्या आत बुरशी धरते हेही येथील प्रत्येक निरीक्षकाला ठाऊक आहे. नत्रवायू भरून पक्की बंद केलेली दुर्बीण अशा हवेत दीर्घकाळ टिकते.

आता दुसरी बाजू. एके काळी केवळ धनिकांना परवडणारे हे लेप आज मध्यम किमतीच्या दुर्बिणींवरही चढलेले असतात, आणि नत्रवायू भरलेल्या दुर्बिणीही त्या किमतीत मिळतात. इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ साली पेटंट घेतलेल्या लोलकरचनेवर बेतलेली, खांदे रुंद असलेली जुन्या धर्तीची दुर्बीण थोडक्या पैशांत उत्तम चित्र देते, कारण तिला तो १९८८चा लेप लागतच नाही. शिवाय ८ × ४२ या दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारी प्रकाशाची शलाका सव्वापाच मिलिमीटरची असते. ती दहा हजारांच्या दुर्बिणीत तेवढीच आणि दोन लाखांच्या दुर्बिणीतही तेवढीच. चाळिशी उलटल्यावर अंधारात आपली बाहुली तरुणपणाइतकी उघडत नाही. म्हणजे ज्या वयात महागडी दुर्बीण परवडू लागते, त्या वयात तिचा पुरता लाभ घेण्याची डोळ्यांची शक्ती उताराला लागलेली असते. सृष्टीचा हा विनोद आम्ही स्वतःवर अनुभवला आहे. पहिल्या दहा हजारांत जे मिळते ते पुष्कळ असते. पुढच्या प्रत्येक दहा हजारांत मिळणारी भर कमी कमी होत जाते. तिला शून्य म्हणता येणार नाही. पण किंमत वीसपट झाली म्हणून दृष्टीही वीसपट होते, असे मात्र मुळीच नाही.

करमळीच्या तळ्यावर त्या सकाळी आम्ही सातआठ जण होतो. आमच्या गळ्यात पुष्कळ वर्षे पैसे साठवून घेतलेली दुर्बीण होती. जवळच्याच वाड्यावरचा एक शाळकरी मुलगाही आला होता. त्याच्यापाशी चार मित्रांत मिळून घेतलेली, पट्ट्याऐवजी सुतळी बांधलेली दुर्बीण होती. चिखलाच्या कडेला एक तुतवार चरत होता. आमच्याकडे हिवाळ्यात उतरणाऱ्या तुतवारांपैकी हिरवा तुतवार आणि ठिपक्यांचा तुतवार हे उभे असताना एकमेकांसारखे दिसतात. निश्चित ओळख पटते ती उडताना. हिरव्याच्या पंखांची खालची बाजू काळसर असते, ठिपक्यांच्याची फिकट. आम्हांला पाठीवरचे ठिपके इतके स्पष्ट दिसले की आम्ही तत्काळ निर्णय दिला: ठिपक्यांचा. तेवढ्यात पक्षी उडाला. मुलगा कोकणीत हळूच म्हणाला की पंख खालून काळे होते, म्हणजे हा हिरवा. सर्वांनी आमच्याकडे पाहिले, आणि मग आमच्या दुर्बिणीकडे. त्या मुलाकडे कोणी पाहिले नाही. यादीत ठिपक्यांचा तुतवार लिहिला गेला.

आठवड्याने एका सोबत्याने उडत्या पक्ष्याचे छायाचित्र आणून दाखवले. पंख खालून काळे होते.

चूक होणे हा अपराध नव्हे. आम्हांला बोचले ते निराळेच. न्यायालयात आम्ही आयुष्याची वीसेक वर्षे साक्षी तपासण्यात घालवली आहेत. १८७२च्या पुरावा कायद्याच्या ६०व्या कलमाने सांगून ठेवले होते की डोळ्यांनी पाहण्याजोगी गोष्ट असेल, तर ती स्वतः पाहिली असे सांगणाऱ्याचीच साक्ष घ्यावी. त्या कायद्याची जागा आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. हे तत्त्व मात्र तसेच उभे आहे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९७६ साली टर्नबुल खटल्यात, ओळखीची साक्ष पारखताना काय विचारावे हे घालून दिले: किती वेळ पाहिले, किती अंतरावरून, उजेड कसा होता, मध्ये आडोसा होता काय, पूर्वीची ओळख होती काय. साक्षीदाराचा चष्मा कितीचा होता, हा प्रश्न त्यांत नाही. हे सारे आम्ही इतरांना शिकवतो. आणि तळ्याच्या काठी यांपैकी एकही प्रश्न आम्ही त्या मुलाला विचारला नाही. तो रोज शाळेच्या वाटेवर त्या पक्ष्यांना पाहत होता. निर्णायक क्षणी त्याची दुर्बीण डोळ्यांशी होती. आम्ही त्याची साक्ष तोलली नाही, त्याच्या सुतळीची किंमत केली.

येथेच आमच्या मते खरा नैतिक प्रश्न आहे. महाग वस्तू विकत घेण्यात पाप नाही, आणि स्वस्त वस्तू वापरण्यात पुण्यही नाही. ‘आमचे आपले साधेसुधेच बरे’ असे म्हणत उत्तम कारागिरीला नाक मुरडणारे गृहस्थही आम्ही पाहिले आहेत. तोही एक अहंकारच, फक्त त्याला पैसे पडत नाहीत. प्रश्न एवढाच, की भिंगासाठी मोजलेल्या पैशात आपल्या शब्दाचे वजनही विकत मिळाले असे आपण धरून चालतो काय? भिंग प्रकाश आणून देते. काय पाहायचे, केव्हा पाहायचे, आणि जे दिसले नाही ते दिसले असे न म्हणणे, हे भिंगात नसते.

कोणी म्हणेल, एका तुतवारावरून एवढा ऊहापोह कशाला? पण या नोंदी आता केवळ खासगी वहीत राहत नाहीत. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३च्या अहवालात भारतातील ९४२ जातींची स्थिती तपासली गेली, ती सुमारे ३०,००० निरीक्षकांनी केलेल्या ३ कोटी नोंदींच्या आधारावर. कोणती जात ओसरत आहे आणि कोणते पाणथळ राखले पाहिजे, हे अशा सामान्य माणसांच्या साक्षींवरून ठरू लागले आहे. तेथे ज्याचे भिंग महाग त्याचेच खरे असा रिवाज पडला, तर चुकाही तोऱ्यात मिरवतील, आणि रोज तेथेच राहणाऱ्या, सर्वांत अधिक पाहणाऱ्या माणसांचे तोंड बंद होईल.

दुर्बीण हे मुळात नम्रतेचे साधन आहे. पूर्वी पक्षी निश्चित ओळखायचा म्हणजे तो मारून हातात घ्यावा लागे. ज्यांचे नाव मांडवीतील चोडण बेटावरच्या अभयारण्याला दिले आहे, त्या सालिम अलींचा पक्षिशास्त्रातील प्रवेशही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून झाला. भिंगाने बंदूक खाली ठेवायला लावली. त्याबरोबर हाती धरलेल्या पुराव्याची खात्रीही गेली. तिच्या जागी उरला माणसाचा शब्द. म्हणून तो शब्द जपून वापरण्याची जबाबदारी वाढली.

आम्ही यादी दुरुस्त केली आणि नोंद त्या मुलाच्या नावाने घातली. मग त्याच्या घरी जाऊन चूक कबूल केली. तो रागावला नव्हता. म्हणाला, ‘‘काका, तुमची दुर्बीण चांगलीच आहे. पण तो उडाला तेव्हा तुम्ही ती खाली घेऊन सगळ्यांना समजावून सांगत होता.’’

आता तळ्यावर गेलो म्हणजे आम्ही शेवटी बोलतो. संशय असेल तेथे ‘जात अनिश्चित’ असे लिहितो. आमच्या यादीत ते शब्द पूर्वीपेक्षा बरेच वाढले आहेत. दुर्बीण तीच आहे. आमच्या गळ्यातून ती सकाळभरात दोनचार वेळा त्या मुलाच्या हाती जाते, आणि त्याने काय पाहिले हे आम्ही त्याला विचारतो.