पूर्वजांचें ऋण

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. तींत विनय आहे, आणि थोडी भीतिहि आहे. मुळाशीं जाऊन पाहिलें तर कदाचित् चिखल दिसेल, त्यापेक्षां वाहतें पाणी पवित्र मानून ओंजळींत घ्यावें, असा तिचा व्यवहारी सल्ला. पण मनुष्यस्वभाव असा कीं, जें शोधूं नये म्हणून सांगावें तेंच तो शोधावयास निघतो. आणि शोधून काढतो तेंहि बहुधा त्याला हवें असतें तेवढेंच. पूर्वजांचा अभिमान धरण्याचा आपणांस कितपत अधिकार आहे, आणि तो धरलाच तर त्याच्या मागोमाग आणखी काय पदरीं येतें, ह्या प्रश्नाचा विचार अमेरिकेच्या आरंभकाळच्या इतिहासावरून करणें सोयीचें आहे. कारण सरकारनें कोणासहि सरदारकीची पदवी देऊं नये, असें ज्या राष्ट्रानें १७८७ सालीं आपल्या राज्यघटनेंत लिहून ठेवलें, त्याच राष्ट्रांत वंशावळींचा छंद विलक्षण फोफावला आहे.

इ. स. १६२० मध्यें ‘मेफ्लॉवर’ नांवाचें जहाज इंग्लंडहून निघून केप कॉडच्या किनाऱ्यास लागलें. त्यावर १०२ उतारू होते. त्यांच्या वंशजांची एक संस्था १८९७ सालीं स्थापन झाली. तिचा सभासद होऊं इच्छिणाऱ्यास आपल्यापासून त्या उतारूपर्यंतची प्रत्येक पिढी कागदोपत्रीं सिद्ध करून द्यावी लागते. ह्या वसाहतीचा पुढें अनेक वर्षें गव्हर्नर असलेला विल्यम ब्रॅडफर्ड यानें आपल्या इतिहासग्रंथांत ह्या उतारूंची कुटुंबवार यादी दिली आहे. तींतील पहिलें कुटुंब जॉन कार्व्हर ह्या पहिल्या गव्हर्नराचें. त्यांत कार्व्हर व त्याची पत्नी, डिझायर मिंटर नांवाची एक स्त्री, जॉन हाउलंड व रॉजर वाइल्डर हे दोन चाकर, विल्यम लॅथम नांवाचा पोऱ्या, जॅस्पर मूर नांवाचें एक मूल, आणि एक मोलकरीण. मोलकरणीचें नांव यादींत नाहीं.

पहिल्याच हिवाळ्यांत रोगराईनें वसाहतींतील जवळजवळ निम्मीं माणसें दगावलीं. वाइल्डर आणि लहानगा जॅस्पर आधीं गेले. १६२१ च्या वसंतांत खुद्द कार्व्हर गेला, आणि त्याच्या मागून थोड्याच आठवड्यांनीं त्याची पत्नी. मिंटर इंग्लंडला परतली व तेथेंच वारली. मोलकरणीचें लग्न झालें, पण वर्षादोन वर्षांत तिचाहि अंत झाला. लॅथम वीसांहून अधिक वर्षें तेथें राहून पुढें बहामा बेटांत गेला व उपासमारीनें मेला. हाउलंडचें नशीब मात्र निराळें होतें. प्रवासांतच तो एका वादळामध्यें समुद्रांत फेकला गेला होता. शिडाचा लोंबता दोर हातीं लागला म्हणून वांचला. पुढें त्यानें एलिझाबेथ टिली हिच्याशीं लग्न केलें; तिचेहि आईबाप त्याच हिवाळ्यांत वारले होते. त्यांना दहा मुलें झालीं. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि बुश पितापुत्र असे तीन राष्ट्राध्यक्ष त्यांच्या वंशांत झाले. धन्याचें घर बुडालें, आणि चाकराचा वंश वाढला! ज्यांच्या हातीं दोर लागला नाहीं, त्यांचा अभिमान धरावयास कोणी उरलें नाहीं, एवढाच काय तो फरक.

चाकर म्हणून आलेला हाउलंड हा कांहीं अपवाद नव्हे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापूर्वीं ब्रिटिश वसाहतींत युरोपांतून जे लोक आले, त्यांतील निम्मे किंवा त्याहूनहि अधिक करारबद्ध चाकर होते, असें इतिहासकार मानतात. ज्याला जहाजाचें भाडें परवडत नसे तो बहुधा चार ते सात वर्षांची चाकरी लिहून देई. एकाच कागदावर करार दोनदां लिहून तो मधून दांतेरी कापीत. एकेक तुकडा दोन्ही पक्षांकडे राही, आणि तंटा उपस्थित झाल्यास दांते जुळवून पाहात. हा करार विकतां येई, म्हणजे कागदाबरोबर मनुष्यहि दुसऱ्या धन्याकडे जाई. धन्याच्या संमतीवांचून लग्न करतां येत नसे, आणि पळून गेल्यास मुदत वाढे. व्हर्जिनियांत १६१८ मध्यें असा नियम झाला कीं, जो कोणी भाडें भरून मनुष्य आणील त्याला दर माणशीं ५० एकर जमीन मिळावी. जमीन भाडें भरणाऱ्याची, आणि श्रम येणाऱ्याचे. परंतु पूर्वज ‘स्वातंत्र्यासाठीं आला’ हें वाक्य कुळाच्या इतिहासांत जसें शोभतें, तसें ‘भाड्यास पैसे नव्हते म्हणून आला’ हें शोभत नाहीं.

येथें थोडें गणित करून पाहावें. आईबाप दोन, आजेआज्या चार, पणजेपणज्या आठ. ह्या हिशेबानें बारा पिढ्या मागें गेलें कीं पूर्वजांच्या ४,०९६ जागा होतात. त्यांतील एखादी जागा रिकामी असती तरी आपण जन्मलों नसतों. मग त्यांतून एकाची तसबीर दिवाणखान्यांत लावावयाची आणि बाकीच्या चार हजारांना अडगळींत टाकावयाचें, ह्याला वंशाभिमान कसें म्हणावें? ही तर आपली आवडनिवड झाली.

निवड इतकी निरुपद्रवी असती तर तिच्याविषयीं लिहिण्याचें कारण नव्हतें. १६४० सालीं व्हर्जिनियांतून तीन चाकर पळून मेरीलंडमध्यें गेले व पकडले गेले. एक डच, एक स्कॉट, आणि तिसरा जॉन पंच नांवाचा आफ्रिकी. अपराध एकच, आणि फटकेहि तिघांना सारखेच. परंतु दोघां गोऱ्यांची चाकरी चार वर्षांनीं वाढविण्यांत आली, आणि पंचला मात्र मरेपर्यंत चाकरी सांगण्यांत आली. पुढें १६६२ सालीं तेथें कायदा झाला कीं, मूल स्वतंत्र कीं गुलाम हें आईवरून ठरावें. एरवीं बापाचें कूळ सांगणाऱ्या समाजानें येथेंच आईचें कूळ कां पत्करलें, हें सांगावयास नको. गुलाम स्त्रीस धन्यापासून झालेलें मूल धन्याची मालमत्ताच राहिलें. १८५० व १८६० च्या खानेसुमारींत गुलामांच्या याद्या निराळ्या केल्या, त्यांत धन्याच्या नांवाखालीं वय, लिंग व वर्ण लिहिला. माणसांचीं नांवें बहुधा नाहींतच. तीं सर्रास येतात १८७० पासून. ज्याच्या वंशावळीचा माग ह्या वर्षापलीकडे तुटतो, त्याला पूर्वज नव्हते असें थोडेंच आहे? ते लिहिणाऱ्याला नको होते. आणि कौतुक असें कीं, २०१२ सालीं वंशावळींच्या संशोधकांनीं, तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा हे आपल्या गोऱ्या आईकडून बहुधा ह्याच जॉन पंचचे वंशज असावेत, असें मत मांडलें.

कोणी म्हणेल, ‘माझ्या खापरपणजोबांनीं गुलाम बाळगले, त्यांत माझा काय दोष?’ दोष कांहींच नाहीं. न केलेल्या पापाचें प्रायश्चित्त मागणें हा अन्याय होय. पण मग न केलेल्या पराक्रमाचा मानहि त्यानें मागूं नये. तराजू एकच असावा. दुसरा कोणी म्हणेल, तर दोन्ही सोडून द्यावीं आणि मनुष्यानें स्वतःच्या कर्तृत्वावर जगावें. हें उत्तर तेजस्वी आहे, पण पुरतें खरें नाहीं. ती ५० एकर जमीन मुलाकडे आली, नातवाकडे आली. तिच्यावर घर उठलें, त्या घरांतील मुलें शिकलीं. दोष वारशानें येत नाहीं, पण फळ येतें. म्हणून अभिमानापेक्षां आपला ‘पितृऋण’ हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. ऋण आपण काढलेलें नसतें, तरी आपल्यावर असतें. आणि वारसा घेणाऱ्यानें त्याच वहींतील कर्जाचीं पानें फाडून टाकावीं, हें सचोटीस धरून नाहीं.

तें फेडावें कसें, हें ज्या त्या मनुष्यानें आणि राष्ट्रानें ठरवावें. पण पहिला हप्ता अगदीं स्वस्त आहे, आणि तो म्हणजे वंशावळ खरी लिहिणें. जेथें धन्याचें नांव येईल तेथें त्याच्या चाकरांचेंहि यावें, आणि नांव ठाऊक नसेल तर निदान जागा मोकळी सोडावी. ऋषीचें कूळ शोधूं नये, ही म्हण शेवटीं ऋषीच्याच सोयीची आहे. कार्व्हरच्या घरांतील त्या मोलकरणीच्या नांवानें कोणतीहि संस्था निघण्याचा संभव नाहीं. परंतु ज्या घरांत हाउलंडनें चाकरी केली, त्याच घरांत तिनेंहि केली; आणि त्याची आठवण काढणाऱ्यानें तिच्यापुरती एक ओळ रिकामी ठेवली, तर त्याच्या कुळास उणेपणा येईल असें मला वाटत नाहीं.